जारातली वाळू

माळ्यावरचा पाण्याचा मोठा निळा जार खाली काढला, की ती उन्हाळी सुट्टी आठवते. पोरांना डुंबता येईल असा उथळ पाण्याचा, सुरूच्या सावलीचा समुद्रकिनारा मीच दहा जणींना विचारून शोधला होता. "परीक्षा झाल्या की सगळीच जाऊ," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. मग एक दिवस "माहेरी वरवंडला चाललेय," म्हणून माझा जार घेऊन गेल्या. त्या परत आल्यावर मी तो धुवायला घेतला, तर तळाशी पिठासारखी वाळू आणि एक शिंपला. वरवंडला कुठला आलाय समुद्र, आणि आमच्या भीमा नदीची वाळू तर जाड असते. शेजारी बसलेली लेक म्हणाली, "आई, काकू आपल्याला सोडून समुद्राला गेलती व्हय?" मी तशीच ओल्या हातानं जाऊबाईंकडे गेले. "गाडीत जागाच न्हवती गं," त्या म्हणाल्या. आता पोरं मोठी झाली, तरी जार उचलला की मनात येतं, याला बरी जागा झाली!