उद्या फवारणी करू

तुम्हाला वाटत असेल, कॉम्प्युटर शिकलेली बाई चुकली तर फार तर कॉम्प्युटर बंद पडेल. तसं असतं तर हा किस्सा सांगायची वेळच आली नसती. मी चुकले आणि मोताळ्याच्या आजूबाजूचे दीडेकशे शेतकरी ड्रम भरून, पंप धुऊन, बांधावर वाट बघत बसले. कुणाची? तेच तर सांगायचंय.

चिऊ झाली आणि पुण्यातली नोकरी सोडून आम्ही गावी आलो. नवऱ्याला मलकापूरला काम मिळालं, मला चिऊ मिळाली. दीड वर्षात मी कोडची एक ओळ लिहिली नव्हती. भाजी चिरता चिरता मध्येच थांबायचे आणि मनात यायचं, बाई, तुला अजून येतं का हे?

अशात एक दिवस सलीमभाई घरी आले. आमच्या भागातल्या कापूस उत्पादकांचा गट आहे, त्याचे ते अध्यक्ष. बीटी बियाणं नवीन होतं तेव्हा सगळे म्हणायचे, आता बोंडअळी विसरा. गुलाबी अळीने ते ऐकलं नसावं. आदल्या हंगामात तिने बोंडंच्या बोंडं पोखरली, आणि यंदा लोक एवढे धास्तावले होते की आभाळाकडे न बघता पंप पाठीवर घेत होते. वर पाऊस आला की सगळं औषध धुऊन मातीत. अशी एक फवारणी वाया जाणं कुणालाच परवडत नव्हतं. तेव्हा कधी फवारायचं आणि कधी थांबायचं, हे सगळ्यांना एका वेळी मेसेजने कळवायचं, अशी त्यांची कल्पना. बहुतेकांकडे साधे बटणांचे फोन, म्हणून साधा मेसेज.

"दसऱ्यापर्यंत करून पाहू, ताई," सलीमभाई म्हणाले. "लोकायचा भरोसा बसला त पुढं चालू. नाहीतर बंद."

म्हणजे परीक्षा गटाची नव्हती, माझी होती. मी हो म्हटलं आणि आठ दिवस चिऊ झोपली की कामाला बसले.

आता मेसेज काही मी स्वतः उडवत नाही. त्यासाठी एक सेवा विकत मिळते. आपण तिला मजकूर द्यायचा, ती तो फोनांवर पोचवते. कसा द्यायचा, ते त्यांच्या माहितीपानावर लिहिलेलं. ते पान ज्याने लिहिलं त्याने ती सेवा कधी वापरली नसावी. चित्रात बटण उजवीकडे, माझ्याकडे बटणच नाही. 'अधिक माहितीसाठी इथे दाबा' म्हणून दाबलं, तर 'हे पान सापडत नाही'. मदतकेंद्राला लिहिलं, तर उत्तर आलं की तुमचा प्रश्न सुटला असल्यास आम्हाला पाच तारे द्या. एक गोष्ट मात्र त्या पानावर ठळक होती: एका मेसेजमध्ये एकशेसाठ अक्षरं. ती मी डोक्यात पक्की बसवली.

मग चाचणी घेतली. 'टेस्ट' असं मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फोनवर पाठवलं. ओसरीतून आवाज आला, "आला." 'नमस्कार मामाजी' पाठवलं. "हाव, नमस्कार." झाली की चाचणी! याहून जास्त काय तपासायचं, तुम्हीच सांगा.

पहिला खरा मेसेज सप्टेंबरात जायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जोरदार पावसाचा अंदाज होता. मजकूर सलीमभाईंनी फोनवरून सांगितला. एरवी तोंडाने वऱ्हाडी, पण लिहायचं म्हटलं की त्यांच्या अंगात तहसीलदार येतो. त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं: 'गटाच्या वतीने सर्व सभासदांना कळवण्यात येते की उद्या कपाशीवर फवारणी करू नका, पावसाचा अंदाज आहे.'

सकाळी साडेआठला बटण दाबलं. पडद्यावर एकेका नावापुढे हिरवी खूण उमटत गेली. चिऊला कडेवर घेऊन मी तिला त्या खुणा दाखवल्या. म्हटलं बघ, तुझी आई अजून कामाची आहे.

अकराच्या सुमारास मामाजी आत आले. खुशीत होते.

"सूनबाई, किती माणसं येऊन राह्यले उद्या?"

"कुठली माणसं?"

"फवाऱ्याची. पंप आपला लागन का त्यायचा?"

मला वाटलं, चष्मा विसरले असतील. म्हटलं, मामाजी, मेसेज नीट वाचा, फवारणी करायची नाहीये. ते म्हणाले, वाचला ना, करू म्हंते. आणि ड्रम भरायला गेले.

तेवढ्यात सलीमभाईंचा फोन. त्यांना सकाळपासून फोनावर फोन येत होते. गटाची माणसं आधी कोणाच्या वावरात येणार, पाणी आमचं की तुमचं, असं काहीही लोक विचारत होते. गटातल्या वच्छलाकाकूंनी तर माणसं पोळी खातात की भाकर, तेही विचारून ठेवलं होतं.

मी पडद्यावर पाहिलं. मेसेज जसाच्या तसा, 'नका'सकट. दीडशे हिरव्या खुणा. सलीमभाईंना मी शांतपणे सांगितलं की मेसेज बरोबर आहे, लोक घाईत अर्धंच वाचतात. हे वाक्य लक्षात ठेवा. मी आजही विसरायचा प्रयत्न करतेय.

लोकांना समजत नाही म्हटल्यावर सोपं करून सांगायला हवं. मी स्वतःच्या मनाने, एकदम सोप्या भाषेत खुलासा लिहिला: 'सकाळच्या मेसेजमध्ये चूक झाली. गटाची माणसं फवारणीला तुमच्या शेतात येणार नाहीत.' पाठवला. पुन्हा दीडशे हिरव्या खुणा.

पाच मिनिटांत ओसरीवरून मामाजींचा आवाज आला, ते शेजाऱ्यांना सांगत होते की आता तर पक्कंच झालं. मग ते फोन घेऊन आले, चष्मा माझ्यासमोर नाकावर चढवला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मले वाचता येत नाई ना? घे. तूच वाच."

मी वाचलं. 'सकाळच्या मेसेजमध्ये चूक झाली. गटाची माणसं फवारणीला तुमच्या शेतात येणार'. संपलं. पुढे काहीच नाही. मग सकाळचा उघडला. 'गटाच्या वतीने सर्व सभासदांना कळवण्यात येते की उद्या कपाशीवर फवारणी करू'. बस.

"करू म्हंते का नाई?" मामाजी म्हणाले.

म्हणत होता हो. अगदी प्रेमाने म्हणत होता.

चिऊला आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे दिलं आणि शोधायला बसले. एका परदेशी मंचावर कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता. त्याला मिळालेलं एकमेव उत्तर असं होतं की तुम्ही मेसेज इंग्रजीत का पाठवत नाही? मी वच्छलाकाकूंना इंग्रजीत मेसेज गेल्याचं डोळ्यांपुढे आणलं आणि ते पान मिटलं. शेवटी त्या माहितीपानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं. एकशेसाठ अक्षरं इंग्रजीची. देवनागरी असेल तर सत्तर. आणि सत्तर म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तर नव्हेत. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. आपण 'की' म्हणतो ते एक, त्याच्या लेखी दोन. सत्तरच्या पुढचं सगळं ती सेवा मुकाट्याने कापते आणि वर हिरवी खूण देते.

मी बोटांवर मोजलं. पहिल्या मेसेजमध्ये 'करू'चा ऊकार बरोब्बर सत्तरावा. दुसऱ्यात 'येणार'चा र बरोब्बर सत्तरावा. ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

इंग्रजी माणसाचं बरं असतं, तो नकार वाक्याच्या सुरुवातीलाच देऊन मोकळा होतो. आपण 'नका' आणि 'नाही' शेवटापर्यंत राखून ठेवतो, आणि कात्री नेमकी तिथेच चालते.

सलीमभाईंना फोन करून सगळं कबूल केलं. म्हटलं, लगेच तिसरा मेसेज टाकते, अगदी छोटा. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ताई, आता काईच टाकू नका. दोनदा सांगतलं, तिसऱ्यांदा पलटलो त उद्या कोणी आपलं नाव घेनार नाई. लोकं पंप खाली ठेवून बसले हायेत, बसू द्या."

"आणि पाऊस नाही आला तर?"

"त मग तुम्ही अन् मी मिळून फवारू."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. इतकं स्वच्छ आभाळ मी आयुष्यात पाहिलं नसेल. मामाजी सकाळपासून वावरात, ड्रमपाशी. वच्छलाकाकूंनी दोन्ही केलं होतं, पोळीही आणि भाकरही. मी चिऊला घेऊन गच्चीवर चकरा मारत होते आणि मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते. तोही सत्तर अक्षरांत बसवत होते.

एक वाजला, दोन वाजले. पावणेतीनला पश्चिमेकडे काळं दिसलं. साडेतीनला असा पाऊस कोसळला की मामाजी घरी पोचेपर्यंत निथळत होते.

गटाबाहेरच्या ज्यांनी सकाळी फवारलं होतं, त्यांचं सगळं वाहून गेलं. गटातल्या एकाचंही औषध वाया गेलं नाही. सगळे फुकटच्या फवाऱ्याची वाट बघत बसले होते ना.

सलीमभाई संध्याकाळी आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते हसत होते.

"करू नका म्हणून गेलं असतं ना ताई, त अर्ध्यायनं म्हटलं असतं, यायले काय समजते, अन् मुद्दाम केली असती. आम्ही करून देतो म्हटलं म्हणून थांबले."

मी विचारलं, मग काम चालू? ते म्हणाले चालू, पण एक अट. मामाजी 'हाव' म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पुढच्या आठवड्यात उघडीप मिळाली. मी मेसेज लिहिला, काना-मात्रेसकट तीनदा मोजला आणि आधी फक्त मामाजींच्या फोनवर पाठवला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बरोबर त दिसते. लिहिला कोनं?"

"मी."

"मंग एकदा आत्याबाईले दाखव."

आत्याबाईंना वाचता येत नाही. तरी मी दाखवला. आणि खरं सांगते, त्यांनी फोन उलटा धरून "ठीक हाये" म्हटल्यावरच मी बटण दाबलं.