मशीनवर बसायला माणूस हवा

माझी मावशी म्हणजे डोक्याला ताप. उभी हयात इस्पितळात नर्स म्हणून गेली, भल्याभल्यांना मुकाट गोळ्या गिळायला लावल्या. स्वतः मात्र कुणाचं ऐकेल तर शपथ. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत एकटी राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. मला तिच्या एकटेपणाचा घोर आणि तिला तिच्या वॉशिंग मशीनचा.

मशीन माझ्याहून थोरलं. कपडे अजून लख्ख धुतं, पण पिळायला लागलं की थयथयाट करत न्हाणीघराच्या दारापर्यंत येतं. म्हणून वर कुणीतरी बसावं लागतं. मावशी काडीपहिलवान, ती बसली तर मशीन तिलाही घेऊन निघतं. मग ती जिन्यात जाऊन हाका मारते. कधी खालचा शिंपी येतो, कधी वरच्या मास्तरीणबाई, बहुतेकदा समोरचे ड्रायव्हरकाका. "माझं वजन कुणाच्या तरी कामी येतंय," असं ते दर वेळी म्हणतात, आणि मावशी दर वेळी हसते. नंतर चहा होतो, गप्पा होतात.

"नवीन घेऊन देते," मी कितीदा म्हटलं.

"का? हे चालतंय ना?"

"चालतंय म्हणूनच तर धरून ठेवावं लागतं, मावशी!"

शेवटी माझं डोकं फिरलं. ती डोळे तपासायला गेली होती तेव्हा मी मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्याने स्प्रिंगा बदलल्या, पाय समतोल केले, आणि मशीन गरीब गाईसारखं उभं राहिलं. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

पुढच्या खेपेला गेले तर घर चिडीचूप. मावशीचा चेहरा उतरलेला.

"ड्रायव्हरकाका येऊन गेले का?"

"कशाला येतील? आता काम काय त्यांचं?"

"असंच बोलाव की. चहाला."

"असंच?" ती माझ्यावरच डाफरली. "कामाशिवाय मी आजवर कुणाला हाक मारलेली नाही."

काय म्हणावं या बाईला! तिचा राग आला, त्याहून जास्त माझा मलाच आला. एवढी वर्षं येते-जाते, पण माणसं कशासाठी येतात हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. बादलीतल्या ओल्या चादरी मशीनमध्ये कोंबल्या, पिळायचं बटण फिरवलं आणि तणतणत जिन्यात गेले.

"काका, जरा येता का? मशीन लावलंय."

काका आले, सवयीने वर चढून बसले. मशीन जागचं तसूभरही हललं नाही. काकांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"फारच उसळतंय हो हे," ते म्हणाले. "उद्याही यावं लागेल मला."

मावशी पदराशी चाळा करत राहिली. "उद्या धुवायला कपडे नाहीत."

"मग माझे घेऊन येतो."

मावशीने पदर कमरेला खोचला.

"आणा," ती म्हणाली. "पण साबण तुमचा."