रिकामी नसलेली जागा

आमची आत्या एकतीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवत होती. तिच्या हाताखालून गेलेली माणसं बँकेत, दवाखान्यात भेटायची आणि तिला बघून अजूनही ताठ उभी राहायची. ती निवृत्त झाली आणि आठच महिन्यांत तिचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. घरात इतकं सुनं वाटायला लागलं, की ती एका खोलीत रेडिओ लावायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

अशात एका संस्थेची जाहिरात तिच्या वाचनात आली. परदेशातल्या एका गरीब शाळेला गणिताचे शिक्षक हवे होते. वर्षभराची सेवा, पगार नाही, राहण्याजेवणाची सोय शाळेची.

बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, कपाळाला हात लावला. "साठीला आलीस. जिना चढताना गुडघे कुरकुरतात तुझे. हे काय खूळ घेतलंस डोक्यात?"

"इथे कोण खोळंबलंय माझ्यासाठी?" आत्या म्हणाली. महिनाभर बाबा तिच्याशी धड बोलले नाहीत, पण विमानतळावर तिची बॅग त्यांनीच उचलली.

शाळा बैठी होती, पत्र्याची. दुपारी पत्रा तापला की मुलं पेंगायची. आत्याच्या वर्गात चव्वेचाळीस जण, एकेका बाकावर चौघं. फळ्याचा काळा रंग उडालेला, त्यामुळे डाव्या बाजूला लिहिलेलं कुणाला दिसायचं नाही. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिकवायची. मुलांच्या भाषेतला पहिला शब्द ती शिकली तो 'पुन्हा'. तो इतक्यांदा वापरला, की मुलांनी तिचं नावच 'पुन्हाबाई' ठेवलं. हे फोनवर सांगताना ती हसली. किती दिवसांनी तिला हसताना ऐकलं.

दुसऱ्या महिन्यात वर्गाचं कपाट आवरताना तिला जुन्या वह्यांचा गठ्ठा सापडला. तपासलेल्या वह्या. नुसत्या फुल्या मारलेल्या नव्हत्या, प्रत्येक चुकीशेजारी बारीक अक्षरात एक ओळ होती. तिने पुढच्या बाकावरच्या मुलीला ते वाचून इंग्रजीत सांगायला लावलं. 'इथे तू घाई केलीस.' 'रीत बरोबर आहे, वजाबाकी बघ.' 'काल हेच तुला येत होतं.' इतकं मन लावून तपासलेल्या वह्या आत्याने स्वतःच्या शाळेतही पाहिल्या नव्हत्या. शेवटची तारीख ती तिथे पोचली त्याच्या चार दिवस आधीची होती.

"हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या बाईंनी."

"त्या कुठे असतात आता?"

मुलीने खाली बघितलं. "हॉस्पिटलात. चादरी धुतात."

मुख्याध्यापकांनी तर आत्याला सांगितलं होतं, की ही जागा दोन वर्षं रिकामी आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती विचारत विचारत हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत गेली. वाफेने भरलेली खोली, भिंतींना ओल. पस्तिशीची एक बाई ओल्या चादरी पिळत होती. आत्याने ओळख सांगितली, तशी तिने हात पुसले आणि एक पिंप उलटं करून बसायला दिलं.

"मला माहीत नव्हतं," आत्या म्हणाली.

"तुम्हाला कोण सांगणार? शुक्रवारी शेवटचा तास झाला आणि सरांनी बोलावलं. म्हणाले, आता परदेशातून शिक्षक येणार, बिनपगारी. तुम्ही सोमवारपासून येऊ नका."

"रविवारी मी मुलांना बोलावते, तुम्ही याल का? आपण दोघी मिळून शिकवू."

"माझ्याच वर्गात पाहुणी म्हणून येऊ?" ती रागावली नव्हती. मग तिनेच विचारलं, "खिडकीजवळ दोन जुळ्या बहिणी बसतात, त्यांना अपूर्णांक जमायला लागले का?"

"एकीला जमतात."

"दुसरी तिचं बघून लिहिते. त्यांना वेगळं बसवा." आणि ती पुन्हा चादरीकडे वळली.

सोमवारी आत्या मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली. "मी जाते. त्यांना परत घ्या."

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खिडकीतून मुलींसाठी बांधलेली नवी स्वच्छतागृहं दाखवली. "वर्षभर एक पगार वाचणार, त्या भरवशावर ही बांधली. आधी मोठ्या मुली शाळा सोडायच्या. तुम्ही गेलात तर संस्था दुसरं कुणी पाठवेल. त्यांच्याकडे यादी तयार आहे."

आत्या तीन आठवडे थांबली. जुळ्या बहिणींना वेगळं बसवलं. संस्थेला दोन पत्रं पाठवली. दोन्ही वेळा तिच्या सेवाभावाबद्दल आभार मानणारं उत्तर आलं. मग तिने सामान बांधलं. ती निघाली त्याच दिवशी तिच्या जागी संस्थेची एक नवी मुलगी आली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. तिने उत्साहाने विचारलं, "मुलं कशी आहेत?" आत्याने तिला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिला पुढेही नीट उमगलं नाही.

घरी आल्यावर महिला मंडळाने तिचा सत्कार ठरवला. ती गेली नाही. शेजारच्यांनी शिकवणीसाठी मुलं पाठवायची तयारी दाखवली, तर म्हणाली, "नको, माझं शिकवणं झालं." बाबांनी समजावलं, "तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, ताई."

"नव्हतं. म्हणून त्या बाईला नोकरी परत मिळाली का?"

दीड वर्षाने पुढच्या बाकावरच्या त्या मुलीचं पत्र आलं. आता वर्गाला चौथ्या बाई आहेत आणि त्याही चांगल्या आहेत, असं तिने लिहिलं होतं. जुन्या बाई हॉस्पिटल सोडून दुसऱ्या गावी गेल्या, कुठल्या ते कुणाला ठाऊक नाही. खाली एक गणित उतरवून लिहिलं होतं, 'हे मला येत नाही.'

आत्या सकाळभर जेवणाच्या टेबलाशी बसली. मी डोकावून पाहिलं, तर तिने ते गणित चार पानं भरून, पायरी पायरीने सोडवलं होतं. तिच्या उत्तरात दुसरं काहीच नव्हतं, खाली सहीसुद्धा नाही. मी ते पोस्टात टाकून आलो. उत्तर आलं नाही.