अठ्ठ्याहत्तरच्या जागी एकोणऐंशी

माझ्या मुलीचं वय मी दोनदा खोटं सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती, आणि ते खोटं तंजावुरातल्या आमच्या नोकरदार घरांत सगळेच सांगायचे. नाव घालताना एक वर्ष कमी लावायचं, म्हणजे पुढे सरकारी परीक्षेला वयोमर्यादेत एक संधी जास्त मिळते. मी तालुका कचेरीत कारकून होतो. माझ्याही दाखल्यात एक वर्ष कमी आहे.

त्या वर्षाची घरात थट्टा चालायची. मोपेडचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळायचं, ते तिला सतराव्या वर्षी मिळालं. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर येऊन फार दिवस झाले नव्हते आणि यादीचं काम माझ्याकडेच होतं. ती म्हणाली, "अप्पा, माझंही नाव घाला की. अठरा झाले मला."

"कागदावर सतरा."

"मग मत द्यायला कागदालाच पाठवा."

खरी तारीख माझ्या वडिलांच्या वहीत होती. घरातला प्रत्येक जन्म त्यांनी देवनागरीत, शक आणि तिथीसकट लिहून ठेवला होता. ती वही वाचणारा घरात मी एकटाच उरलो होतो. मुलगी मराठी बोलायची, पण वाचायला शिकली ती तमिळ आणि इंग्रजी.

तेव्हा गावात जागोजागी कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. तिच्या क्लासात शिकवणारा तरुण पापनाशमचा, बावीस वर्षांचा, तमिळ. त्याला मद्रासच्या एका कंपनीत नोकरी लागली. आठवड्याभरात हजर व्हायचं होतं, आणि जाण्याआधी लग्न करायचं असं दोघांनी ठरवलं. एके दिवशी सकाळी ती क्लासला गेली ती आईच्या नावाने चिठ्ठी ठेवूनच.

मी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली की माझ्या अल्पवयीन मुलीला पळवून नेलं आहे. अठराच्या आतल्या मुलीला पालकांच्या ताब्यातून नेलं, तर ती राजीखुशीने गेली असली तरी नेणारा गुन्हेगार ठरतो, एवढा कायदा मला ठाऊक होता. तक्रारीला शाळेचा दाखला जोडला. दुपारपर्यंत दोघांना पापनाशमच्या बसस्टँडवरून आणलं.

त्या तरुणाला भिंतीशी जमिनीवर बसवलं होतं. मुलगी बाकावर होती. ती रडत नव्हती. इन्स्पेक्टरला तिने तमिळमध्ये सरळ सांगितलं, "मला अठरा पूर्ण झालेत. शाळेत एक वर्ष कमी लावलंय. घरी आजोबांची वही आहे, त्यात खरं आहे. अप्पा वाचून दाखवतील."

इन्स्पेक्टर हसला. "कमी कोण लावत नाही, अम्मा? मीही एक वर्ष कमीच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सार, वही आणा. अठरा झाले असतील तर दोघांना आत्ता सोडतो. नसतील तर याला आज मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागेल."

घरी बायकोने न विचारता वही काढून दिली. "कार्तिकातली पंचमी," ती म्हणाली. "गेल्या कार्तिकातच अठरा झाले. मी येते बरोबर."

"ठाण्यात बायकांचं काय काम?"

"मग खरं वाचाल ना?"

"वहीत आहे तेच वाचेन."

आणि मी तेच वाचलं. शकाचं साल, महिना, तिथी, एक अक्षर बदललं नाही. इन्स्पेक्टरने वही आपल्याकडे फिरवली, आकड्यांवरून बोट नेलं आणि परत माझ्याकडे सरकवली.

"हे कुठलं साल, सार?"

"आमचं शकाचं. इंग्रजी साल काढायला त्यात मिळवावं लागतं."

"किती?"

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. पौषाच्या अर्ध्यापासून फाल्गुनापर्यंतचा जन्म असेल तर एकोणऐंशी, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. नात्यातल्या कितीतरी पोरांची सालं मी अशी काढून दिली होती. कार्तिकाला अठ्ठ्याहत्तरच. मुलगी माझ्याकडे बघून हसली, आता सुटलो अशा खात्रीने. तिला तिथी पाठ होती, बेरीज ठाऊक नव्हती. तो तरुण माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होता. उशीर केला तर संशय येईल, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

कागदावर बेरीज मांडली. उत्तर दाखल्यावरच्या सालाशी जुळलं. इन्स्पेक्टरने पेन्सिल घेऊन स्वतः एकदा मांडली. "जुळतंय," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला ते आवडलं नाही.

"नाही जुळत," मुलगी मराठीत ओरडली. "अप्पा, परत करा. काहीतरी चुकलंय."

मी परत केली. तेवढीच आली.

त्याला उठवून नेलं तेव्हा त्याने मला नमस्कार केला. मुलीला मी रिक्षातून घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून माझ्यापुढे आली. अशा पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात शकही छापलेला असतो. तिने वजाबाकी केली होती.

"अप्पा, अठ्ठ्याहत्तर."

"गडबडीत चुकलं असेल."

"मग चला. चुकलं म्हणून सांगू. अजून आतच आहे तो."

"कागद कोर्टात गेला आता. ते इतकं सोपं नसतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पान घडी करून मुठीत घेतलं आणि आत गेली. मी ठाण्यात गेलो नाही. शाळेत खोटं सांगितल्याचं उघड झालं तर नोकरीवर येईल, असं मी बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही. ते कारण पुरेसं नव्हतं. तो मुलगा मला घरात नको होता, आणि त्याला थांबवायला तेवढं एक वर्ष माझ्या हातात होतं. जामीन मिळेपर्यंत तो एकोणीस दिवस तुरुंगात राहिला. मद्रासची जागा दुसऱ्याला गेली.

दाखल्यावर अठरा पूर्ण झाले त्या सकाळी मुलीने माझ्याकडे दाखला मागितला. "द्या. आता हाच उपयोगी पडेल." रजिस्ट्रारच्या कचेरीत आई साक्षीदार म्हणून गेली. मी माझ्या कचेरीत जाऊन फायली लावत बसलो. पुढे समेट झाल्याचं मी लिहून दिलं आणि खटला यथावकाश मिटला. त्या कागदात वयाबद्दल एक शब्द नाही.

जावई आता पन्नाशीच्या पुढे आहे. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान इथेच आहे. मद्रासबद्दल तो कधी बोलत नाही. माझी बायको गेल्यापासून दोघं दर रविवारी येतात. मला तो तमिळ रीतीने मामा म्हणतो. पाहुणे असले की तमिळमध्ये हमखास म्हणतो, "मामांना बेरीज सांगू नका हं. एक आकडा चुकला की माणूस एकोणीस दिवस आत!" सगळे हसतात. मुलगी तेवढ्यात कुणाच्या तरी पानात रसम वाढते. तिने त्याला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं माझी चूक झाली असं तो समजतो, आणि ती त्याला तसं समजू देते. माझ्यासाठी ती रोज थोडं खोटं बोलते, हे मी ओळखून होतो आणि गप्प राहत होतो.

बेरीज चुकली नव्हती. मला अठ्ठ्याहत्तर माहीत होते.

जावई मराठी वाचत नाही, म्हणून हे नुसतं लिहून भागणार नाही. रविवारी पानं मांडायच्या आधी मी त्याला तमिळमध्ये सांगणार आहे, म्हणजे अर्थ विचारायला त्याला मुलीकडे वळावं लागणार नाही. त्यानंतर तो जेवायला बसेल की चपला घालेल, हे त्याने ठरवायचं आहे.