हवेचा दाब

वेल्डिंगचा करपट वास आला की मला केज गावाजवळचे ते पत्र्याचे वर्कशॉप आठवते. आमच्या इंधन संशोधन केंद्रासाठी उसाच्या चिपाडापासून इंधन करणारी, खास मापाची पोलादी टाकी तिथे बनत होती आणि ती वेळेत आणणे ही माझी पहिली स्वतंत्र जबाबदारी होती. अशी टाकी पाणी भरून, त्यावर दाब देऊन तपासतात. वर्कशॉपचा मालक मात्र हसला. "मॅडम, हितं प्यायला टँकर न्हाई, अन् तुमी लोखंडाला पाणी पाजताव? कंप्रेसरनं हवा भरू, तासात काम." दाबलेली हवा स्फोटासारखी सुटते, हे मला पाठ होते, पण पाण्यासाठी आठवडा घालवायची माझी तयारी नव्हती, आणि मी मान हलवली. दाबमापकाचा काटा चढत असतानाच टाकीचा एक सांधा फाटला. झाकण छत फाडून गेले, आणि शेजारी उभ्या वेल्डरचा उजवा हात कोपराखाली लोंबकळू लागला. भिंतीवर, माझ्या चपलांवर रक्त होते. मालकाने धावत येऊन आधी त्याच्या कमरेत लाथ घातली. "कच्चा जोड मारलास बे! माझं दुकान बुडवलंस!" "मालक, हात बगा की माजा," एवढेच तो म्हणत राहिला. जोड कच्चा होता, हे खरे. परंतु आत पाणी असते तर तिथून नुसती धार उडाली असती. चौकशीच्या अहवालात मी 'सांध्यातील दोष' एवढेच कारण लिहिले. आज मोठ्या प्रकल्पाची यंत्रे मीच मागवते, पाण्याशिवाय एकही तपासणी होऊ देत नाही, आणि त्या काटेकोरपणाचे कौतुकही होते. हवेला होकार कोणी दिला, हे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही.