चुडाव्याची क्षेत्रभेट

“फोटो साक्षांकित नाही. अर्ज इथे राहू द्या, उद्या या,” असे आमच्या कचेरीतले कारकून देशमुख यांनी खिडकीतून सांगितले, तेव्हा मी त्यांच्या मागे आठ पावलांवर माझ्या टेबलाशी बसलो होतो. आठ पावले हा आकडा मी अंदाजाने लिहीत नाही. ते अंतर मी नंतर देशमुखांनाच चालायला लावून मोजून घेतले.

हा प्रसंग हल्ली दोन तऱ्हांनी सांगितला जातो. देशमुखांच्या निरोप समारंभात एका वक्त्याने सांगितले, की वाघमारे साहेबांनी, म्हणजे मी, हाताखालच्या जुन्या माणसाला शिक्षा म्हणून खेड्यात पिटाळले. आमच्या वस्तीतले काही उत्साही लोक अभिमानाने सांगतात, की वाघमाऱ्यांनी एका देशमुखाची जिरवली. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षे होती ती. मराठवाड्यात तेव्हा माणसाच्या कामाआधी त्याचे आडनाव वाचले जाई, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापली गोष्ट सोयीची वाटली. दोन्ही खोट्या आहेत. जे घडले ते प्रशिक्षण होते आणि त्याचा लेखी कार्यक्रम माझ्या सहीने निघाला होता.

परभणीच्या कचेरीत मी अपंग कल्याण शाखेचा प्रमुख होतो. सरकारी कागदांत तेव्हा हाच शब्द होता. दाखले, एसटीची सवलत, वसतिगृहाचे प्रवेश, अशी कामे. वरून आदेश आला, की कर्मचाऱ्यांना तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. सोबत एक छापील पुस्तिका होती. पहिल्या दिवशी, गुरुवारी, सौजन्याचे प्रकरण देशमुखांनी वाचले, कारण त्यांचा आवाज चांगला होता. ‘अर्जदारास प्रथम बसावयास आसन द्यावे.’ आमच्या खिडकीबाहेर साधे बाकडेही नव्हते. हे वाक्य ऐकताना ते कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

दुपारी खिडकी उघडली आणि माणिक नावाचा एक शेतमजूर पुढे आला. सोबत त्याची अकरा वर्षांची मुलगी सुमन होती. पोलिओने तिचा एक पाय बारीक झालेला, हातात काठी. तिला वसतिगृहात प्रवेश हवा होता. एकच जागा रिकामी होती आणि ती शुक्रवार संध्याकाळपर्यंतच राखता येणार होती. देशमुखांनी वरचे वाक्य उच्चारले. माणिकने वाद घातला नाही. मुलीला घेऊन तो निघून गेला.

मी देशमुखांना बोलावले.

“साक्षांकन कोण करतो?”

“राजपत्रित अधिकारी, साहेब.”

“या कचेरीत तो कुठे बसतो?”

“आपण कामात होता.”

“मी चहा पीत होतो.”

साक्षांकन म्हणजे फोटो याच व्यक्तीचा आहे, अशी अधिकाऱ्याने केलेली सही. अर्ध्या मिनिटाचे काम. आठ पावले चालवून मी तो अर्ज टेबलाशी आणवला, सही केली आणि शिपाई गफूरभाईंना त्या दोघांच्या मागे धाडले. ते एकटेच परतले.

“गाडी गेली, साहेब. अन् उद्या ते येणार न्हाईत. कोयतेवाले हायेत. मी पाणी दिलं तवा पोरगी बोलली, सकाळी टोळीचा ट्रक जायलाय.”

शहरी वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. टोळी जमवून कारखान्यावर नेणारा तो मुकादम. सुमनला मागे ठेवायला घरी कोणी नव्हते. जागा गेली असती, तर ती उसाच्या फडात खोपीपाशी बसून धाकट्या भावाला सांभाळत राहिली असती आणि त्यानंतर कोणी तिला शाळेत आणले असते, यावर माझा विश्वास नाही.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी क्षेत्रभेट होती, म्हणजे लाभार्थ्याच्या गावी जाणे. आमचे क्षेत्र ठरलेले असे: पिंगळी. पहिलेच स्टेशन, सरपंचांकडे चहा, एक फोटो आणि जेवायला परत. मी सांगितले, की या वेळी माणिकच्या गावाकडचे चुडावा.

“हे कार्यक्रमात बसतं का, साहेब?” देशमुखांनी विचारले.

“क्षेत्रभेट असं लिहिलंय. क्षेत्र कोणतं ते लिहिलेलं नाही.”

सकाळच्या पॅसेंजरने पूर्णा ओलांडून आम्ही चुडाव्याला उतरलो. माणिकची वस्ती तिथून दोन कोस. वाहन मागायचे नाही, असे मी आधीच बजावले होते. काळ्या मातीच्या वाटेने अर्धा रस्ता होईपर्यंत देशमुखांनी बूट हातात घेतले होते.

“ही पोर एवढं कशी आली असेल?” ते स्वतःशीच म्हणाले.

“अर्धं चालत, अर्धं बापाच्या खांद्यावर,” गफूरभाई म्हणाले. “अन् मग आपल्या खिडकीशी उभी.”

देशमुखांची चाल वाढली.

ट्रक भरून उभा होता. भांडी, अंथरुणे, दोन शेळ्या, आणि बोचक्यांवर बसलेली सुमन. माणिकने आम्हाला पाहिले. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरेच आश्चर्य होते.

“साहेब, तुमीच उद्या या म्हणलात. आन् तुमीच आलात व्हय?”

देशमुखांनी अर्ज ट्रकच्या मडगार्डवर ठेवून अंगठा घेतला. पण वसतिगृहात अधीक्षकांसमोर आई किंवा बाप लागतो. मुलीची आई कौसाबाई यायला तयार झाली, तसा मुकादम आडवा आला. जोडी मोडून चालणार नाही, म्हणाला. मी पुढे होऊन त्याला शासनाचा नियम समजावला. त्याने माझे नाव विचारले. मी सांगितले. त्याने तंबाखू थुंकली आणि ड्रायव्हरला इंजिन चालू करायला लावले.

तेव्हा देशमुख अनवाणीच ट्रकसमोर गेले.

“मी पेडगावचा देशमुख. बाईला उद्या कारखान्याच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो. पोरीला खाली घे.”

“मालक, तुमी म्हणता म्हणून,” मुकादम म्हणाला.

हा भाग मी गाळावा, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. मी गाळणार नाही. शिकून मिळवलेल्या माझ्या पदाला जो बधला नाही, तो एका गावाच्या आणि आडनावाच्या जोडीला बधला. मला ते झोंबले, आजही झोंबते. पण पोर खाली आली, आणि ते आडनाव त्या दिवशी योग्य कामी लावण्याची बुद्धी देशमुखांची होती, माझी नव्हे. मी त्यांची जिरवली म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

देशमुख सुमनला उचलायला वाकले. ती म्हणाली, “काठी द्या. मी चालते.” मग आम्ही सगळे तिच्या चालीने स्टेशनाकडे निघालो. अधूनमधून आई तिला कडेवर घेई. दुपारची गाडी चुकली. माझ्या मते सबंध प्रशिक्षणातले सर्वांत उपयोगी तास तेच.

दिवेलागणीला वसतिगृहात पोचलो. अधीक्षक घड्याळाकडे पाहून म्हणाले, “आता उशीर झालाय, असं करा, उद्या—”

ते वाक्य देशमुखांनी पुरे होऊ दिले नाही. प्रवेश झाला. दुसऱ्या दिवशी कौसाबाईंना त्यांनी गाडीत बसवून दिले आणि प्रशिक्षणाचा तिसरा दिवस खिडकीबाहेर बाकडे आणण्यात गेला. मी एक वही सुरू केली: ज्याने ‘उद्या या’ म्हटले, त्याने अर्जदाराचे गाव आणि उद्याचे कारण लिहायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुढे शेरा मारला, की वही कोरी आहे, कर्मचारी नोंदी ठेवत नाहीत. मी तो शेरा जपून ठेवला आहे. कर्मचाऱ्यांना पुस्तिका वाचून दाखवण्यापेक्षा अर्जदाराच्या वाटेने चालवावे, एवढे मला त्यातून समजले.

राहिला शिक्षेचा आरोप. पुढच्या वर्षी सुट्टीनंतर सुमन वसतिगृहात वेळेवर परतली नाही, तेव्हा देशमुखांनी माझ्यापुढे एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या जागी त्यांच्या सुंदर अक्षरात एकच शब्द होता: चुडावा. शिक्षा भोगलेला माणूस त्याच जागी स्वतःची रजा खर्चून जात नाही. त्या अर्जावर मी उभ्या उभ्याच सही केली.