टाकं आणि सोफा-कम-बेड

अकोल्यात घर बघायला आलेला माणूस आधी खोल्या बघत नाही. तो अंगणातल्या टाक्याचं झाकण उचलतो. नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात घर म्हणजे जमिनीखालचं टाकं. वरच्या खोल्या त्याला ऊन लागू नये म्हणून बांधलेल्या असतात. आमचं टाकं गल्लीत सगळ्यात मोठं. माझ्या आणि ह्यांच्या मास्तरकीतून घर झालं, तेव्हा आधी टाकं खणलं आणि उरलेल्या पैशात घर बसवलं.

माझं माहेर अमरावतीचं. अमरावतीकरांच्या मते अकोल्यात घर घेणं म्हणजे तव्यावर जागा घेणं. माझी बहीण दर उन्हाळ्यात फोन करून आमचं तापमान विचारते, आणि स्वतः दिवसभर कूलरसमोरून हलत नाही. तिच्या एका प्लॉटच्या भावात आमच्याकडे दोन येतील, हे ती फार दुःखानं सांगते. दुःख अर्थातच आमच्याबद्दल. तिची ऐट मी बरीच वर्षं सहन केली. पुण्यातल्या जागांच्या भावानं मात्र आम्हा दोघींना एकाच रांगेत बसवलं.

झालं असं की पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या मुलाला फ्लॅट घ्यायचा होता, आणि त्यासाठी अकोल्याचं घर विकायचं होतं. "आई, तिकडे दोन माणसांना एवढं घर कशाला? इथे आपण सगळे एकत्र राहू," तो म्हणाला. 'एकत्र' ऐकून मी विरघळले. आई झाली की बाई एवढी स्वस्त होते.

आम्ही फ्लॅट बघायला पुण्याला गेलो. दाखवणारी मुलगी इतकं गोड बोलत होती, की भाव ऐकूनही आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. मी आपलं नेहमीचं विचारलं, "नळ किती दिवसांआड येतो?" तिने असं पाहिलं, जणू मी म्हैस कुठे बांधायची ते विचारत होते. मग मी कूलर कोणत्या खिडकीत बसेल ते विचारलं. मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. मास्टर बेडरूम नावाच्या खोलीत ह्यांनी दोन्ही हात पसरून अंदाज घेतला आणि माझ्या कानात सांगितलं, "आपल्या टाक्याएवढीच हाये." ती खोली मुला-सुनेची, दुसरी नातवाच्या अभ्यासाची. बाल्कनीत एक माणूस उभा राहू शकत होता, तोही टॉवेल वाळत घातलेले नसतील तर.

"अन् आमी?" मी विचारलं.

"हॉलमध्ये सोफा-कम-बेड करू ना, आई."

किती सहज म्हणाला तो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण परतीच्या गाडीत बसेपर्यंत मी "उजेड छान आहे हो" असंच म्हणत राहिले. खोल्या, गच्ची, कढीपत्त्याचं झाड आणि गल्लीतलं सगळ्यात मोठं टाकं देऊन आम्हाला एक सोफा मिळणार होता, आणि तोही रोज सकाळी घडी करून परत करायचा.

तरी गिऱ्हाईक बोलावलं. मुलाला शब्द दिला होता ना! बार्शीटाकळीकडचं जोडपं आलं, आमच्याच वयाचं. गृहस्थांनी रीतसर झाकण उचललं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "घर पसंत हाये." खोल्यांत ते फक्त चहा प्यायला आले.

ह्यांनी सहज विचारलं, "गावाकडं घर नाही का तुमचं?"

"होतं जी. पोराले पुण्यात फ्लॅट पाहिजे होता, तं विकलं. आमीही गेलो तिथं राहाले. आता वापस आलो. राहिलेलं वावर विकून हे घर पाहून राहिलो."

"मंग वापस काहून आले?" मी विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं. "सून लय चांगली हाये, बाई. कधी काई बोलली नाही. पण आमी सोफ्यावर झोपत होतो. टीव्ही बंद झाल्याशिवाय आमाले आडवं होता येत नव्हतं." आणि ती हसली. मग म्हणाली, "तुमी काहून विकून राहिल्या?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे. बाईला काय समजायचं ते समजलं. ती उठून अंगणात गेली आणि उघडं राहिलेलं झाकण तिने ओढून टाक्यावर बसवलं.

"चाला जी," ती नवऱ्याला म्हणाली, "आपण दुसरं पाहू."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "काय झालं आई? टाकं आवडलं का त्यांना?"

"मले आवडलं," मी म्हटलं. "घर नाही विकत आमी. तू ये राहाले कधीही. तुझी खोली हाये तशीच हाये. तुले सोफ्यावर नाही झोपा लागणार."